मदत हवी आहे: क्लोरीन भरपूर, तरी पूलचं पाणी हिरवट. पाणी आत्ता बदलू की पावसाची वाट बघू?

नमस्कार मंडळी,

कर्जतजवळ आमचं छोटं घर आहे, परसात २४ बाय १२ फुटांचा स्विमिंग पूल. एका टोकाला साडेतीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला पाच. सरासरी सव्वाचार धरली तर १२२४ घनफूट, म्हणजे साधारण ३४,६०० लिटर पाणी.

गेल्या वर्षी बाबांचा उजवा गुडघा बदलला. तेव्हापासून ते रोज सकाळी उथळ बाजूला वीस मिनिटं पाण्यात चालतात. जमिनीवर चार पावलं टाकली की कण्हणारा माणूस पाण्यात भिंतीला हात न लावता चालतो. त्यामुळे हे पाणी नीट राहावं म्हणून माझा जीव वरखाली होतोय.

ऑक्टोबरात पूल रिकामा करून विहिरीच्या पाण्याने भरला. नोव्हेंबरपासून रोज संध्याकाळी ५० ग्रॅम टीसीसीए ९० ची पावडर (पूलमध्ये टाकायचं कोरडं क्लोरीन) टाकतो, आठवड्याला सँड फिल्टरचा बॅकवॉश करतो, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुतो. मार्चपर्यंत तळाच्या निळ्या टाइल्सच्या फटी मोजता येत होत्या. एप्रिलच्या शेवटी पाणी दुधाळ हिरवट झालं, पायऱ्यांच्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं. बाबांचे डोळे लाल होतात. वास इतका उग्र येतो की मला वाटलं क्लोरीन जास्तच झालंय. पावडर देणाऱ्या दुकानदाराने "डोस दुप्पट करा" सांगितलं. केला. दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. घर सांभाळणाऱ्या काकांनी तुरटी फिरवली, गाळ खाली बसला, पण हिरवेपणा गेला नाही.

आधी आमच्याकडे पिवळ्या-लाल थेंबांची साधी पेटी होती. त्यातला पिवळा रंग एकूण क्लोरीन दाखवतो, मोकळं (घाम वगैरेंशी अजून संयोग न झालेलं) किती ते कळत नाही, हे मला आता समजलं. म्हणून डीपीडीची, म्हणजे मोकळं आणि एकूण वेगवेगळं दाखवणारी पेटी मागवली. आजचे आकडे (पीएच सोडून सगळे लिटरला मिलिग्रॅममध्ये): मोकळं क्लोरीन ३, एकूण ४.५, पीएच ६.८, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) ६०, कॅल्शियम हार्डनेस २८०. सायन्युरिक अॅसिडच्या (उन्हात क्लोरीन टिकवणाऱ्या रसायनाच्या) चाचणीत नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत पाणी ओतायचं असतं. माझा ठिपका १०० च्या रेघेच्याही आधीच गायब झाला. मग नमुन्यात निम्मं साधं पाणी घालून पुन्हा केलं, ७० आले. दुप्पट केले तर १४०.

पाणी बदलावं लागेल असं दिसतंय. पण मे संपत आलाय, विहीर तळाला गेली आहे आणि खालच्या वाडीत एक दिवसाआड पाणी येतं. अशा दिवसांत पूलसाठी टँकर बोलवायला मन होत नाही. दुसरा काही इलाज आहे का? आणि बाबांना तोवर पाण्यात उतरू द्यावं का?

प्रतिसाद:

ताई, आकडे दिलेत म्हणून सांगणं सोपं झालं. तुमची पावडरच सायन्युरिक वाढवत होती. रोज ५० ग्रॅम गुणिले सहा महिने, म्हणजे ९ किलो. टीसीसीएच्या वजनातला निम्म्याहून थोडा जास्त भाग सायन्युरिकचा असतो. म्हणजे जवळपास ५ किलो पाण्यात गेलं. क्लोरीन उडतं, खर्च होतं, हे मात्र राहतं. ५ किलो भागिले ३४,६०० लिटर करून बघा, तुमचे १४० तिथेच येतात.

सायन्युरिक ३० ते ५० असतं तेव्हा ते उन्हापासून क्लोरीनला जपतं. १४० ला ते क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की शेवाळ मारायला फार थोडं उरतं. मोकळं क्लोरीन सायन्युरिकच्या साडेसात टक्के तरी हवं. तुमच्या पाण्यात ते १० च्या पुढे जातं, आणि एवढ्या क्लोरीनमध्ये बाबांनी रोज उतरावं असं मी सांगणार नाही. उग्र वासही जास्त क्लोरीनचा नाही. घाम वगैरेंशी संयोग झालेल्या क्लोरीनचा तो वास, तुमचे एकूण ४.५ वजा मोकळे ३ म्हणजे तो दीड. डोळे चुरचुरायला हे आणि ६.८ चा पीएच, दोन्ही कारणं आहेत. टीसीसीए आम्लधर्मी, वर तुरटीही अल्कलिनिटी खाते.

पाणी बदलण्याला पर्याय नाही. पण टँकर नको. पाऊस येतोच आहे.

प्रतिसाद:

वरच्यांशी सहमत. आमच्याकडेही हे झालं होतं म्हणून लिहितो. ताई, तुमच्या पूलमध्ये एक फूट पाणी म्हणजे सव्वाआठ हजार लिटरच्या आत-बाहेर. आत्ता दोन फूट काढा. चार-पाच दिवस पावडर बंद ठेवून क्लोरीन शून्य आलं की तेच पाणी नारळांना सोडा. स्किमरचा (वरचं पाणी ओढणाऱ्या तोंडाचा) व्हॉल्व्ह बंद करून फक्त तळाच्या जाळीतून ओढा, नाहीतर पंप हवा खेचेल. पुढे पावसात पूल भरला की एकेक फूट काढायचा आणि भरू द्यायचा.

एक कळकळीची विनंती, पावसाळ्यात पूल पूर्ण रिकामा करू नका. जमिनीत पाणी चढलेलं असतं, ते खालून दाब देतं. रिकामा पूल तडकतो, कधी उचललाही जातो.

पावसाच्या पाण्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी नसल्यात जमा. ते टाइल्सच्या फटींमधलं सिमेंट खातं. म्हणून शेवटचा फूट विहिरीच्या पाण्याने भरा, तोवर विहीरही भरलेली असेल. पुढे टीसीसीए बंद, लिक्विड क्लोरीन वापरा. १० टक्क्यांचं असेल तर १ लिटरने तुमच्याकडे मोकळं क्लोरीन ३ च्या आसपास चढेल. सावलीत ठेवा, उन्हाने त्याचा जोर जातो. टीसीसीएच्या मोजपात्रात ते चुकूनही ओतू नका आणि अॅसिडजवळ ठेवू नका, विषारी वायू सुटतो. बाबांना तळ स्पष्ट दिसेपर्यंत उतरवू नका.

धागाकर्तीकडून, जुलैअखेर:

तुम्हा दोघांचे मनापासून आभार, दादा. सांगितलं तसंच केलं. मेअखेरीस दोन फूट काढले, परसातले तिन्ही नारळ आणि फणस त्यावर तगले. जूनच्या पावसाने पूल काठोकाठ भरला. मग एक फूट काढून पुन्हा पावसावर सोडला. गेल्या आठवड्यात शेवटचा फूट काढून विहिरीचं पाणी घातलं. त्याआधी विहिरीचं पाणी तपासलं होतं, अल्कलिनिटी २२०, हार्डनेस २६०. मधल्या काळात रोज संध्याकाळी लिक्विड क्लोरीन आणि दिवसाआड भिंतींना ब्रश.

आता काळा ठिपका ४५ वर गायब होतो. अल्कलिनिटी ७० आली, दोन वेळा मिळून १ किलो १५० ग्रॅम खाण्याचा सोडा घातल्यावर ९०. पीएच ७.४. मोकळं क्लोरीन साडेतीन, एकूणही तेवढंच, आणि वास पूर्ण गेला. हार्डनेस १५० आहे, तो थोडा कमी वाटतो. २०० पर्यंत न्यायला माझ्या हिशेबाने अडीच किलो कॅल्शियम क्लोराइड लागेल. बादलीत विरघळवताना पाणी चांगलंच तापतं म्हणे, म्हणून पाण्यात थोडं थोडं घालणार आहे.

बाबा दोन महिने अंगणातच काठी घेऊन चालले, कुरकुर केली नाही. काल सकाळी पाऊस उघडला तेव्हा मी पाच फुटांच्या टोकाला एक रुपयाचं नाणं टाकलं. काठावरून त्यांनीच वाचून दाखवलं, छापा वर आहे म्हणून. मग कठडा धरून उतरले.