रणगाड्यावर मळ चढवला, पण सगळी गाडीच चॉकलेटात बुडवून काढल्यासारखी दिसते

अजिंक्यतारा_पायथा (सातारा) :

नमस्कार. गेली दोन वर्षे मी फावल्या वेळात २८ मि.मी. मापाच्या (म्हणजे ज्यात माणसाची आकृती साधारण २८ मि.मी. उंच भरते), विज्ञानकथेतल्या लष्करी गाड्यांची प्लास्टिकची छोटी मॉडेल जोडतो आणि रंगवतो. साताऱ्यात हा छंद असणारे दुसरे कोणी मला अद्याप भेटलेले नाही, त्यामुळे अडलेले विचारायला हीच जागा आहे. रंग देईपर्यंत माझे सगळे सुरळीत चालते. काळे अस्तर, त्यावर हिरवा, कडांना थोडा उजळ हिरवा, इथवर घरातली मंडळीही कौतुक करतात. त्यानंतर मी वेदरिंगला, म्हणजे गाडी वापरून मळलेली दिसावी म्हणून करायच्या कामाला, हात घालतो आणि गाडी बिघडते.

ताजा नमुना पट्ट्यांवर चालणाऱ्या सैनिकवाहू गाडीचा आहे. सबंध गाडीवर गडद तपकिरी तैलरंगाचा वॉश (खाचांत उतरणारा, खूप पातळ केलेला रंग) फिरवला, तो वाळल्यावर स्पंजने सगळ्या कडांवर टवके (रंग उडाल्यासारखे दिसणारे ठिपके) काढले, सायलेन्सरपासून छपरापर्यंत जागोजागी नारिंगी गंज लावला आणि शेवटी धुळीच्या रंगाचे पिगमेंट (रंगाची कोरडी भुकटी) खालपासून वरपर्यंत चोळले. प्रत्येक क्रिया व्हिडिओत दाखवतात तशीच केली होती. तरीही गाडी वापरून मळलेली वाटत नाही, मुद्दाम मळवलेली वाटते.

याच्या जोडीला दोन अपघातही झाले. वॉश पातळ करण्यासाठी रंगाच्या दुकानातून ‘थिनर’ आणला होता. त्याने आधीच्या एका गाडीचा हिरवा रंग विरघळलाच, शिवाय खालचे प्लास्टिकही मऊ पडले. दुसरे असे, की मागच्या आठवड्यात, बाहेर पावसाची रिपरिप चालू असताना, गच्चीच्या जिन्यात उभे राहून मॅट (चमक नसलेल्या) व्हार्निशचा फवारा मारला, तर सकाळी गाडीवर पिठासारखा पांढरा थर दिसला. आणि पुढची गाडी जमिनीला टेकतच नाही, तरंगत जाते. तिला चिखल लावायचा तरी कुठे?

हरिपूर_संगम (सांगली) :

तुमची एकही क्रिया चुकलेली नाही. चुकले ते एवढेच, की चारही क्रिया सगळ्या गाडीभर झाल्या. वॉश, टवके, गंज आणि धूळ ही चार वेगवेगळ्या कारणांची चिन्हे आहेत आणि ती कारणे गाडीच्या एकाच जागी क्वचितच एकत्र येतात. जिथे माणसाचा बूट रोज घासतो तिथे धूळ साचत नाही, आणि जिथे धूळ वर्षभर पडून राहते तिथे टवका उडायला कोणी जात नाही.

मी हे ज्या गोष्टीकडे पाहून शिकलो ती आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पैशाला पासरी आहे. उसाच्या ट्रॉलीजवळ जाऊन पाच मिनिटे नुसते उभे राहा. फाळक्याच्या वरच्या कडेचा रंग मोळ्या घासून घासून गेलेला असतो, पण त्याच फाळक्याच्या मधल्या भागावर तो शाबूत असतो. फक्त उन्हाने लालाचा विटका गुलाबी झालेला असतो. बिजागरीच्या प्रत्येक खिळ्याखालून गंजाचा एक बारीक ओघळ उतरतो, आणि तो सरळ खालीच जातो, आडवा कधी जात नाही. ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीचे भोक आतून आरशासारखे लखलखते, कारण तिथे पिन सतत घासते. चाकांच्या मागे चिखलाचा पंखा उमटलेला असतो, मात्र चाकाच्या वर हातभर गेले की तो संपतो. हंगामात लखलखणारे तेच भोक जुलैत पाहाल तर नारिंगी गंजलेले दिसेल, कारण ट्रॉली पावसात नुसती उभी आहे. म्हणजे उघडे पोलाद कालपर्यंत चालत होते की महिनाभर पडून होते, यावर रंग ठरतो. तुमची गाडी मोहिमेवर असेल तर पट्ट्यांचा जमिनीला टेकणारा भाग चकचकीत ठेवा आणि गंज सांध्यांच्या आत ढकला. गोदामात पडून असेल तर उलटे करा. दोन्ही एकाच वेळी केले, की पाहणाऱ्याला कारण न कळताही काहीतरी खटकते.

विज्ञानकथेतली गाडी असल्याने आणखी एक निर्णय आधी घ्यावा लागतो, तो म्हणजे गाडी कशाची बनलेली आहे हा. गंज लोखंडालाच चढतो. ॲल्युमिनियमवर नारिंगी गंज येत नाही, तिथे रंग खरवडला की फिकट करडा धातू दिसतो आणि ओघळ उमटत नाहीत. तुमच्या सैन्याचे चिलखत एखाद्या काल्पनिक चिनीमातीसारख्या पदार्थाचे असेल, तर टवक्याच्या आत कदाचित मळकट पांढरा दिसेल. ही मोकळीक खऱ्या रणगाड्याचे मॉडेल करणाऱ्याला नसते, पण एकदा ठरवले की मग सगळ्या गाडीभर तेच पाळले पाहिजे.

टवक्यांच्या मापाबद्दल थोडा हिशेब करा. २८ मि.मी.च्या आकृत्यांना जुळणारी गाडी साधारण १/५६ प्रमाणात धरतात. म्हणजे तुमच्या स्पंजने उमटलेला एक मि.मी.चा ठिपका खऱ्या गाडीवर ५.६ से.मी.चा, म्हणजे मोठ्या लिंबाएवढा, भरतो. असे दोनशे टवके असलेली गाडी एव्हाना भंगारात गेली असती. स्पंज रंगात बुडवल्यावर कागदावर इतका टिपा, की कागदावर जेमतेम खूण उमटेल, आणि मगच गाडीला लावा. हाच हिशेब मातीलाही लागू आहे. अंगणातली माती नुसती चाळून लावली, तर तिचा कण धोंड्याएवढा दिसतो. मी गेरू खलबत्त्यात कुटतो आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळतो. गेरूचा रंग मुळात लोहाच्या ऑक्साइडचाच असल्याने गंजासाठी त्याच्याइतके स्वस्त आणि टिकाऊ पिगमेंट दुसरे नाही. सांगलीत राहून हळद वापरून पाहिली नसती तरच नवल. पिवळसर धुळीसाठी ती पहिल्या दिवशी झकास दिसली, पण खिडकीजवळच्या उजेडात तिचा रंग उडत गेला आणि गाडी पुन्हा स्वच्छ झाली. त्या वाटेला जाऊ नका.

कोयनाकाठ (कराड) :

वरच्या उत्तरात रासायनिक बाजू सुटली आहे, म्हणून लिहितो. आपल्याकडे रंगाच्या दुकानात नुसते ‘थिनर’ म्हणून मागितले, की बहुधा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर मिळते, जे गाड्यांच्या आणि फर्निचरच्या लॅकरसाठी असते. त्यातले द्रावक पॉलिस्टायरिन विरघळवतात, आणि तुमच्या गाडीचे प्लास्टिक नेमके तेच आहे. त्यामुळे दोष दुकानदाराचा नाही आणि तुमचाही नाही, शब्दाचा आहे. तैलरंगासाठी व्हाइट स्पिरिट किंवा कमी वासाचे मिनरल टर्पेंटाइन, असे नाव घेऊन मागावे. तेही मोकाट वापरायचे नसते. व्हार्निश न दिलेल्या प्लास्टिकच्या सांध्यांत ते मुरले, की जिथे भाग ताणून चिकटवलेला असतो तिथे तडा जातो. पट्ट्यांच्या धुऱ्या अशाच अचानक मोडतात. खिडक्या उघड्या ठेवून काम करा, हेही लगे हाथ सांगतो.

म्हणून क्रम असा ठेवावा. ॲक्रिलिक रंग पूर्ण वाळू द्यावा, त्यावर चकचकीत व्हार्निशचा पातळ हात द्यावा आणि तो एक दिवस सुकू द्यावा. चकचकीत पृष्ठभागावर वॉश पसरत नाही. खाचेच्या एका टोकाला ब्रशचे टोक नुसते टेकवले, की तो केशाकर्षणाने खाचेतून आपोआप धावतो. तुमची गाडी चॉकलेटी होण्याचे निम्मे कारण इथे आहे. खडबडीत मॅट रंगावर सगळीकडे वॉश फिरवला, की तो रंगातच मुरतो आणि नंतर पुसता येत नाही. तैलरंग जाड पुठ्ठ्यावर अर्धा तास काढून ठेवावा म्हणजे त्यातले जादा जवसाचे तेल पुठ्ठा शोषून घेतो आणि गाडीवर तेलकट चमक राहत नाही. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) घेतलात तर तो इतर रंगांपेक्षा लवकर वाळतो, कारण त्यात मँगनीज असते. पावसाळ्यात हा फरक चांगलाच जाणवतो.

पांढऱ्या थराचे कारणही हवेतच आहे. फवाऱ्यातला द्रावक झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो, आणि दमट हवेतले बाष्प त्या ओल्या थरात अडकते. डबा नीट हलवला नसेल तर मॅटपणा आणणारी बारीक भुकटीही गोळा होऊन पांढरी दिसते. गाडी फेकू नका. कोरडा दिवस पाहून चकचकीत व्हार्निशचा एक पातळ हात द्या, बहुतेक वेळा पांढरेपणा त्यात जिरून जातो, आणि मग पुन्हा मॅट द्या. जून ते सप्टेंबर मी फवारा कपाटात ठेवतो आणि ब्रशने लावायचे ॲक्रिलिक मॅट व्हार्निश वापरतो. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तुमच्याकडे तितका नाही हे मान्य, पण जिन्यातल्या दमट हवेला तेवढा फरक कळत नाही.

माणदेशी (दहिवडी) :

आमच्याकडे पाऊसच नसल्याने व्हार्निशची ही पीडा मला ठाऊक नाही. धूळ मात्र ठाऊक आहे. हरिपूरकरांच्या एका मुद्द्याला माझा विरोध आहे. मापाचा हिशेब काटेकोर पाळला, तर या मॉडेलांनी लढाईचा खेळ मांडलेल्या टेबलावर तीन फुटांवरून काहीच दिसत नाही. अर्ध्या मि.मी.चा टवका हातात घेऊन पाहणाऱ्यासाठी ठीक आहे. मी टवका मोठाच काढतो, पण गाडीवर पाच-सहा जागीच: चढायची पायरी, झाकणाची कड, पुढच्या पट्टीचे दोन्ही कोपरे. शिवाय टवक्याच्या खालच्या कडेला मूळ रंगाच्या उजळ छटेची केसाएवढी रेघ ओढतो, म्हणजे रंगाच्या थराला जाडी आल्यासारखी दिसते. अतिशयोक्ती करावी, पण जागा निवडून करावी.

तरंगत्या गाडीचे विचारलेत. हेलिकॉप्टर कोरड्या शेतात उतरताना पाहिले असेल, तर तुमची गाडीही तसाच हवेचा झोत खाली फेकते असे समजा. तो झोत धूळ उचलतो आणि बाजूंना फेकतो, म्हणून तिच्यावर चिखलाची ढेकळे नसतात, बारीक धूळ असते. ती पोटाच्या कडांवर, मागच्या उभ्या भागावर आणि जाळ्यांमध्ये बसते. झोत जिथून बाहेर पडतो तिथला धातू मात्र उडत्या वाळूने घासून स्वच्छ झालेला असतो. चिखल लावायचाच असेल, तर उतरल्यावर जे पाय जमिनीला टेकतात त्यांच्या तळव्यांना, आणि तेवढ्यालाच. धुळीचा रंग मैदान पाहून घ्या. आपल्या एकाच जिल्ह्यात कासच्या पठारावर जांभ्याची तांबडी माती आहे, कृष्णेकाठी काळी आहे आणि आमच्याकडे फिकट राखाडी-पिवळट आहे. एका सैन्याच्या सगळ्या गाड्यांना एकच माती लावा. हिरव्यावर काळी उठत नाही, तांबडी फार उठते, फिकट सर्वांत सोयीची.

अजिंक्यतारा_पायथा (सातारा) :

आपणा सर्वांचे आभार. व्हार्निशचा उपाय रविवारी उघडीप मिळताच केला. पांढरेपणा बराचसा गेला, फक्त एका खोल खाचेत राहिला आहे. ट्रॉल्या सध्या कुठे दिसल्या नाहीत, पण घराजवळ खोदकाम चालू आहे, तिथला जेसीबी जवळून पाहिला. बकेटचे दात आणि आतला तळ चांदीसारखा चमकत होता, बकेटची पाठ मात्र गंजलेली होती. चालक ज्या पायरीवर पाय ठेवून चढतो तिचा पिवळा रंग एकाच बाजूला गेला होता; उजव्या कोपऱ्यात तो नवाकोरा होता. माझ्या गाडीवर मी दोन्ही कोपरे सारखेच घासले होते. आता प्रश्न उरतो तो चॉकलेटी झालेल्या गाडीचा. ती पुन्हा अस्तरापासून रंगवावी काय?

हरिपूर_संगम (सांगली) :

पुन्हा रंगवू नका. आधी ब्रशने लावायच्या चकचकीत व्हार्निशचा पातळ हात देऊन जुने सगळे बंद करा, म्हणजे पुढे चुकले तरी तेवढेच पुसता येईल. तो वाळल्यावर मूळ हिरवा रंग थोडा पिवळसर करून पातळ करा आणि मोठ्या सपाट भागांच्या फक्त मध्यावर दोन-तीन हात द्या. खाचांतला तपकिरी तसाच राहू दे, तो आता तुमच्या कामाचा आहे. छप्पर सर्वांत उजळ ठेवा, कारण ऊन तिथे पडते. बाजू त्याहून गडद, आणि पट्ट्यांमागचा भाग आहे तसाच. छपरावरचा नारिंगी गंज पूर्ण झाकून टाका, सायलेन्सरवरचा राहू द्या आणि त्याच्या तोंडाशी थोडी काजळी लावा. शेवटी चढायची पायरी घ्या. तुमच्या गाडीचे दार कोणत्या बाजूला उघडते ते पाहा आणि टवके त्या बाजूलाच काढा.