‘मंडईनिमित्त भव्य नाट्यप्रयोग’ : ही कोणती मंडई?

सातारची बदली : साताऱ्याहून बदली होऊन भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात शिक्षिका म्हणून आले आहे. दिवाळीची सुट्टी संपली तरी वर्ग भरत नाही. आज चार पोरं गायब, उद्या दुसरी सहा. विचारलं की एकच उत्तर, ‘मंडईला गेलता मॅडम.’ आमच्याकडं मंडई म्हणजे वांगी-मेथी. इथं पानठेल्यावर हँडबिल चिकटवलंय : ‘मंडई व शंकरपटानिमित्त भव्य नाट्यप्रयोग’. भाजीबाजारानिमित्त नाटक कसं काय? आणि गर्दी तर नाटकालाच दिसते. मग निमित्त कोण कुणाचं? जाणकारांनी हा शब्द नेमका कसा वापरतात ते सांगावं.

हलका धान : मॅडम, भाजी डोक्यातून काढा. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग, मंडई म्हणजे गावाचा दिवस. भाऊबीजेपासून सुरू होतात. गावागावाची तारीख वेगळी, शेजारच्या गावाशी टक्कर होऊ नये म्हणून. वेळही धानाच्या हिशेबानं धरलेली. तोवर हलका (लवकर येणारा) धान कापून पुंजण्यात, म्हणजे रचलेल्या ढिगात पडलेला असतो, भारी (उशिरा येणारा) धान बांधीत, म्हणजे शेतात उभा असतो. मधे जरा उसंत, आणि हाती थोडा पैसा. दिवसा दुकानं लागतात, जिलबी, शिंगाडे, बांगड्या. गोवारी (गुराखी) बांधव ढाल घेऊन येतात. ढाल म्हणजे लढाईतली नव्हे बरं का, उंच बांबूला कापड आणि मोरपिसं बांधून पुजलेली. दंडार (इथलं लोकनाट्य) होते. आणि रात्री नाटक.

शब्दवेडा : पुण्याची मंडई आणि ही मंडई यांतला फरक विभक्तीतच दिसतो. पुण्यात माणूस मंड‌ई‘त’ जातो, ती जागा आहे, छप्पर असलेली. (फुले मंडईचं मूळ नाव तर रे मार्केट.) झाडीत माणूस मंडई‘ला’ जातो, जसा लग्नाला, बारशाला. ‘परवा आमची मंडई आहे’ हे वाक्य पुण्यात कुणी म्हणालं तर त्यानं गाळे विकत घेतले असं वाटेल.

दुसरी गोष्ट, हा शब्द झाडीपट्टीच्या पूर्व सीमेवर थांबत नाही. छत्तीसगडात दिवाळीनंतर ‘मड़ई’ भरते, बस्तरमधली नारायणपूरची प्रसिद्धच आहे. तिथल्या राऊत या गुराखी समाजात सजवलेल्या खांबालाही मड़ई म्हणतात. तेव्हा आपल्या मंडईचं नातं हिंदीतल्या मंडीपेक्षा वैनगंगेपलीकडच्या त्या खांबाशी जवळचं वाटतं मला. ढालीचं वर्णन वर आलंच आहे.

वडसा रोड : व्युत्पत्ती चालू द्या, मी हँडबिलाकडं येतो. दरवर्षी ती छापताना बघतो. नाटक कंपन्यांची कार्यालयं वडशाला आहेत. (कागदावर देसाईगंज, पण रेल्वे स्टेशनवर वडसाच.) दसरा-दिवाळीच्या सुमारास गावोगावची मंडळं येतात, नाटक ठरवतात, बिदागी ठरते, विसार देतात. तिकीट मंडळ लावतं. उरलं तर देवळाला, शाळेच्या भिंतीला, नाहीतर पुढच्या वर्षाच्या नाटकाला. बुडालं तर मंडळ बुडतं, कंपनी नव्हे. म्हणून तारीख फार जपून घेतात. त्या दिवशी गावात पाहुणे असलेच पाहिजेत, आणि ते मंडईला असतातच. ‘निमित्त’ हा शब्द अगदी नेमका बसलाय. नाटकाला प्रेक्षक मंडई पुरवते.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, वेगळा. जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालतो. बैलजोडी, हलकी छकडी, तीवर एकटा धुरकरी (हाकणारा). 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पट बंद पडले ते डिसेंबर 2021 मध्ये परवानगी मिळेपर्यंत. त्या काळात हँडबिलावरून ‘पट’ गेला, नाटक गेलं नाही.

शब्दवेडा : म्हणजे निमित्त बदलता येतं, नाटक कायम. मग मॅडमचा संशय खरा की!

वडसा रोड : नाही जी. पट नव्हता तेव्हा लोक मंडईवर आणखी भार टाकायचे. निमित्ताशिवाय नुसतं नाटक लावून बघा गावात. ‘काहून लावलं?’ असं पुसतात.

चूल आणि पाहुणे : पुरुष मंडळी धान आणि बिदागी सांगून मोकळी झाली. मंडईचा पहिला अर्थ पाहुणे. लेकीजावई, साळे, व्याही, बहिणीची नणंद. आदल्या दिवशीच घर सारवणं, वडे-भज्यांची तयारी, खाटा शेजारून मागून आणणं. सासरी गेलेली पोरगी भाऊबीजेला आली नसेल तर मंडईला येतेच. आणि सोयरीक! पोरगी दाखवायची म्हणून कुणी चहा-पोह्याचा घाट घालत नाही. मुलाकडचे मंडईला येतात, पोरगी दुकानात बांगड्या भरताना दिसते, संध्याकाळी तीच वाढायला असते. आवडलं तर पुढचं बोलणं, नाही तर मंडई झाली, राग ना लोभ. आमच्याकडं ‘मंडईत पाहिली’ असं म्हणतात ते हेच. (शब्दवेडा भाऊ, इथं ‘मंडईत’ आलं हो.)

शब्दवेडा : आलं. मान्य. पण तिथं ‘मंडई भरली असताना’ असा अर्थ आहे, ‘लग्नात भेटले’ तसा.

हलका धान : रात्रीचंही सांगतो, कारण मॅडमनी ‘गर्दी नाटकाला’ असं लिहिलंय. आमच्या गावात दुपारपासून सतरंज्या अंथरून जागा धरतात, सतरंजीवर एक नातू बसवून ठेवायचा. नाटक दहाच्या पुढं सुरू होतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. वादक रंगमंचासमोर बसतात, त्यांचं ऑर्गन सुरू झालं की पोरं गप्प होतात, मोठे नाही. माझ्या मागं दोघं व्याही होते. तिकडं खलनायक बहिणीच्या जमिनीच्या कागदावर अंगठा उठवून घेतोय, इकडं एक म्हणतो, ‘आमच्यावाल्या सोसायटीत धानाचा बोनस आला का नाही?’ दुसरा, ‘थांबा ना जी, अंगठा घेऊन राहिला तो.’ तेवढ्यात पोरीनं मंचावर हंबरडा फोडला. बोनसवाला पदरासारखा दुपट्टा डोळ्याला लावून बसला. सीन संपला आणि हा परत, ‘हं, तर बोनस...’

या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. सकाळी अंगणात दात घासताना चर्चा त्याच अंगठ्याची होते, आणि घरातल्या घरात कुणाच्या तरी सात-बाराची.

कोरडा खोकला : सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. आता मंडईनिमित्त ‘डान्स हंगामा’ही लावतात. पाहुणे तेच, तिकीट तेच, नाटकाचं नावच नाही. दंडार दुपारी चार म्हाताऱ्यांपुरती. झाडीपट्टीचे नाट्यकलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या चौकात फटाके फुटले. त्याच चौकातल्या मंडळानं पुढच्या मंडईला नाचगाणं ठरवलं. शब्द तोच राहिला म्हणून चीज तीच राहिली असं समजू नका.

वडसा रोड : खरं आहे. पण हंगाम्याला बाया येत नाहीत. आणि बाया नाही आल्या तर ती मंडई कसली? पोरांनी एक वर्ष लावलं की दुसऱ्या वर्षी घरातूनच ऐकून घेतात आणि परत नाटकाची तारीख मागायला येतात. सगळ्याच गावात नाही, पण येतात.

सातारची बदली : फारच मिळालं. एक शेवटचं. शाळेतल्या मदतनीस ताईंनी ‘येत्या गुरुवारी आमच्या इथं मंडई, येजा’ असं सांगितलंय. नाटकाचा विषयच काढला नाही. तिकीट मी आधी काढून ठेवायचं का? आणि जायचं किती वाजता?

चूल आणि पाहुणे : नाटकाचं सांगितलं नाही कारण ते त्यातच आलं. तिकीट अजिबात काढू नका, रागावतील. मंडईच्या पाहुण्याचं तिकीट घरचेच काढतात. नाटकाच्या वेळेला तर मुळीच जाऊ नका, तसं गेलात तर तुम्ही नाटकाला गेलात, त्यांच्या मंडईला नाही. दुपारी जा. बाजारातून जाताना पोरांसाठी काही घ्या. शाल असू द्या, रात्री दोननंतर गारठा पडतो. आणि शुक्रवारची किरकोळ रजा आजच टाका.