सहा इंची आरसा घासून झाला, आता तपासायचा कसा?

नभोवेडा: नमस्कार मंडळी. दुर्बिणीसाठी सहा इंची, एफ-८ (फोकल लांबी व्यासाच्या आठपट) आरसा घासून पॉलिश केलाय. आकार बरोबर आला का, हे घरी कसं ओळखू? एक मित्र म्हणतो, इंटरफेरोमीटरशिवाय, म्हणजे प्रकाशलहरींनी आकार मोजणाऱ्या यंत्राशिवाय, सगळं झूठ. अहो, तेवढ्या पैशांत चार दुर्बिणी येतील!

काचघाशा: मित्राला चहा पाजा आणि विसरा. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोची १८५८ ची युक्ती पुरते. एक बारीक एलईडी, एक दाढीचा ब्लेड. वक्रता त्रिज्येवर, म्हणजे तुमच्या आरशापासून सुमारे २४४० मिमीवर, दोन्ही शेजारी ठेवा आणि परतणारा प्रकाश ब्लेडने हळूहळू कापा. गोलाकार आरसा एकदम सगळा राखाडी होतो. पॅराबोला, म्हणजे आपल्याला हवा तो आकार, असेल तर मेदूवडा दिसतो. मग आरशाचा मध्य आणि कड काळवंडताना ब्लेड पुढेमागे कुठे कुठे असतो, त्या दोन जागांमधलं अंतर मोजा. दिवा स्थिर असेल तर २.४ मिमी हवं. दिवा ब्लेडबरोबरच सरकत असेल तर निम्मं, १.२. इथेच माझा पहिला आरसा वाया गेला. दिवा सरकता आणि मी २.४ च्या मागे!

पंखा बंद ठेवा. पॉलिशनंतर काच रात्रभर निवू द्या.

साडेसाती: सोबत रॉन्कीची जाळीही घ्या, म्हणजे ब्लेडच्या जागी धरायची बारीक रेषांची पट्टी, इंचाला १०० रेषांची. आकडा देत नाही, पण पडलेली (जास्त घासली जाऊन खाली उतरलेली) कड लगेच दाखवते. एकाच चाचणीवर भिस्त नको. हबल अवकाश दुर्बिणीच्या २.४ मीटरच्या आरशाचं तेच झालं. मुख्य तपासणी-उपकरणातलं भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी होतं. इतर चाचण्यांत दोष दिसत होता, तरी त्या बाजूला सारल्या.

नभोवेडा: दिवा स्थिर ठेवून १.९ आलं. रात्री आरसा तसाच नळीत बसवून तारा बघितला. फोकसच्या आत आडवा लंबगोल, बाहेर उभा. काच गेली का हो?

काचघाशा: घाई नको. आरसा बैठकीतच ९० अंश फिरवा. लंबगोलही फिरला तर दोष काचेत. नाही फिरला तर काच सुटली, बाकीचं तपासा.

नभोवेडा: फिरला नाही! क्लिपा आवळल्या होत्या, सैल केल्यावर तारा गोल. आता १.९ चे २.४ करायला बसतो.

काचघाशा: हात लावू नका! या मापाचा निव्वळ गोलाकार आरसासुद्धा पाव तरंगलांबीच्या मर्यादेच्या (चांगल्या आरशात चालते तेवढ्या चुकीच्या) काठावर असतो. तुमचा त्याहून कितीतरी बरा आहे.

नभोवेडा: बरं, ठेवला खाली. पुण्याच्या आसपास ॲल्युमिनियमचा थर कोण चढवून देतं?