स्ट्रंक-व्हाइट की थोरो? लेखनाच्या वर्गाला कोणतं पुस्तक द्यावं

रानवाट : अमेरिकेतले बरेच प्राध्यापक स्ट्रंक-व्हाइटचं 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल' हे इंग्रजी लेखनाच्या नियमांचं छोटं पुस्तक सुचवतात. दुसरा पर्याय थोरोचं 'वॉल्डन', तळ्याकाठी एकट्याने राहण्याच्या अनुभवावरचं. माझं म्हणणं, पहिलं वगळा. थोरो तिथे स्वतः बांधलेल्या घराचा हिशेब देतो : खिळे ३.९० डॉलर, जुन्या हजार विटा ४ डॉलर, एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. आणखी स्पष्ट गद्य काय असतं?

खडूफळा : हिशेबाचं पान ठीक. पुढची पानं काढा, वाक्य संपता संपत नाही. नवखा विद्यार्थी ती लांबी उचलतो, नेमकेपणा तिथेच राहतो. स्ट्रंकने कॉर्नेल विद्यापीठातल्या वर्गासाठी १९१८ साली छापलेली मूळ पुस्तिका एका बैठकीत वाचून होते. 'वस्तुस्थिती अशी आहे की' खोडा म्हटलं की मुलगा लगेच खोडतो.

कर्मणी : खोडतो, पण चुकीचं. 'कर्तरी प्रयोग वापरा' या मथळ्याखाली पुस्तकात टाळावीत अशी चार इंग्रजी वाक्यं दिलीत. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००९ साली दाखवलं की त्यातली तीन पॅसिव्ह नाहीतच. 'जमिनीवर पुष्कळ वाळकी पानं पडली होती' यात कसलं पॅसिव्ह? पहाटे कोंबड्याचं आरवणं ऐकू येतं (इंग्रजीत 'कुड बी हर्ड'), तेवढं एकच खरं पॅसिव्ह.

खडूफळा : अर्धंच सांगताय. तिथेच लिहिलंय की 'देअर इज'सारखी मिळमिळीत सुरुवातही टाळा. पानांचं वाक्य त्यासाठी आहे. मथळा चुकला म्हणा, सल्ला नाही.

कर्मणी : मुलं मथळाच पाठ करतात हो! आणि हा नियम मराठीत आणला तर पंचाईत. 'तिने पान उचललं' हा आपल्याकडे कर्मणीच, त्यात खोडण्यासारखं काय? खरा दोष 'पाहणी करण्यात आली'मध्ये आहे, कारण पाहणी कोणी केली तेच गायब. 'वनरक्षकांनी पाहणी केली' लिहा. तोही कर्मणीच, पण माणूस दिसतो.

रानवाट : म्हणून तर नमुना द्या म्हणतो. थोरो जड वाटला तर निसर्गलेखक लिओपोल्डच्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक'मधलं (१९४९) 'गुड ओक' हे प्रकरण. वीज पडून मेलेला ओक कापताना करवत खोडातल्या एकेका वर्षाच्या कड्यातून मागे जाते आणि तसतसा त्या मुलखाचा इतिहास उलगडतो. एक परिच्छेद घ्या, क्रियापदं अधोरेखित करा, पुस्तक मिटा, तेवढ्या क्रियापदांवर परिच्छेद पुन्हा लिहा, मग मूळाशी ताडून पाहा. सुटलेले तपशील आपोआप दिसतात.

खडूफळा : साठ वह्या असल्या की हे ताडून कोण बघणार? नियमाला निदान लाल पेन पुरतं.