मध्यस्थीत मुलाचं आणि फ्लॅटच्या हप्त्याचं कसं ठरवावं?

प्रश्न (मनीषनगर, नागपूर):
वर्षभरापासून आम्ही वेगळे राहतो. कौटुंबिक न्यायालयानं मध्यस्थीला पाठवलंय. फ्लॅट दोघांच्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून कटतो. मुलगा सात वर्षांचा. शनिवारी बाबाकडे जायचं असलं की दप्तरात स्वतःच टूथब्रश टाकतो. बघून जीव तुटतो. बैठकीत काय काय मांडू?

उत्तर १:
ताई, मोकळं बोला. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरता येत नाही. पगारपत्रक, कर्जखात्याचा उतारा सोबत न्या. पोटगीचा वाद असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

उत्तर २:
फ्लॅट एकाच्या नावावर झाला तरी दुसरा कर्जातून आपोआप सुटत नाही. बँकेशी आधी बोला.

उत्तर ३:
मध्यस्थीच्या करारात मुलाबद्दल ‘सोयीनुसार भेट’ असं मोघम अजिबात लिहू नका! आमच्याकडे तान्ह्या पोळ्याला पोरगा लाकडी नंदी घेऊन कोणाच्या घरून निघणार, यावर दरवर्षी भांडण. शेवटी सणवार, उन्हाळ्याच्या सुट्या, शाळेची फी, दवाखाना, सगळं करारात लिहिलं. तेव्हा कुठं पोराच्या तोंडावर हसू आलं.

प्रश्नकर्ती:
दवाखान्याचा खर्च डोक्यातच नव्हता. उद्याच बँकेत जाते.