आयटीपी: आकड्याइतकंच नडग्यांकडेही बघा
स्टिरॉइड बंद झाल्यावर आईच्या प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ९० हजारांवरून ४२ हजारांवर आल्या, आता दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशी मोजण्याची तपासणी) करू का, असं तुम्ही विचारलंय. बायकोला आयटीपी (शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स नष्ट करते तो आजार) होऊन सहा वर्षं झाली, त्या अनुभवावरून सांगतो. स्टिरॉइडची गोळी कमी किंवा बंद करताना आकडा उतरतो, यात नवल नाही. रक्तस्राव नसेल तर ३० हजारांच्या वर डॉक्टर बहुधा नुसतं लक्ष ठेवतात. तपासणी किती दिवसांनी, ते त्यांनाच ठरवू द्या.

आमच्याकडे एकदा रिपोर्टवर अचानक ११ हजार आले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी हेमॅटॉलॉजिस्टनी (रक्तविकारतज्ज्ञांनी) स्मिअर, म्हणजे काचपट्टीवरचा रक्ताचा थर, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) प्लेटलेट्सचे गठ्ठे झालेले, म्हणून यंत्रानं त्या कमी मोजलेल्या! सायट्रेट या दुसऱ्या रसायनाच्या नळीत परत रक्त घेतलं तर ६८ हजार.

घरी मात्र रोज नडग्या बघतो. दाबूनही पुसट न होणारे टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, तोंडात काळसर फोड दिसले की लगेच फोन. डोकं भयंकर दुखलं तर थेट इमर्जन्सी. अंगदुखीला ब्रुफेन, ॲस्पिरिन नको. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून. (पपईच्या पानांचा रसही शेजारच्या काकूंनी पाजला. कडू होता, एवढंच सांगू शकतो.)