हनुवटीला टाके घातले म्हणजे झालं का?

गोदाकाठ: "हनुवटी फुटली तर गावातच टाके घाला, जबड्याचं मोडलेलं हाड जोडायच्या धातूच्या प्लेटा म्हणजे बिल फुगवायचा धंदा" ही पोस्ट कालपासून ग्रुपग्रुपवर फिरतेय. अहो, टाके घालण्याआधी कानापुढं बोट ठेवून तोंड तरी उघडायला लावा! हनुवटीवर आपटलं की दणका थेट कानापुढच्या सांध्यात जातो, कॉन्डाइलची, म्हणजे जबड्याच्या हाडाच्या सांध्यातल्या गोल टोकाची, मान मोडू शकते. तोंड उघडताना हनुवटी मोडक्या बाजूला सरकते, दात पहिल्यासारखे बसत नाहीत. लेकरात हे सुटलं तर सांधा जखडू शकतो, जबड्याची वाढ खुंटू शकते.

उस्मानाबादी शेळी: पोस्ट माझी आहे. लेकराच्या कॉन्डाइलला बहुतेकदा चिरफाड लागतच नाही. मऊ खाणं आणि तोंड उघडायचा व्यायाम. मग प्लेटा काहून?

गोदाकाठ: लेकराला नाहीच. पण ते ठरवणार फोटो बघून ना? ओपीजी, म्हणजे अख्खा जबडा एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे, आणि समोरून दिसणारा पीए एक्स-रे, दोन्ही. एकात फट लपते. मोठ्या माणसाची हनुवटी मधोमध मोडली तर तिथं हाड पिळवटतं, म्हणून एकाखाली एक दोन मिनीप्लेटा, म्हणजे छोट्या प्लेटा. नाहीतर तारेनं दात बांधून चार-सहा आठवडे नुसतं पातळ प्या.

हुरडापार्टी: मुळात हनुवटी फुटतेच काहून? अर्ध्या टोपीचं हेल्मेट! मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पट्टा बांधायचा लिहिलंय, इथं ते आरशाला लटकतं. आरशाची हनुवटी शाबूत!

उस्मानाबादी शेळी: परभणीच्या मे महिन्यात फुल फेस घालून दाखवा, मग बोला.

हुरडापार्टी: ऊन्हानं डोकं तापतं, डांबरानं फुटतं. निवडा. पट्ट्याखाली दोनच बोटं जावीत. आतला थर्माकोल एकदाच दबतो; जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसलं तरी बाद.

नाइटड्यूटी: पट्ट्यावरून भांडा खुशाल! त्या पोस्टखाली कुणीतरी "नाकात बोळा कोंबा" लिहिलंय, ते आधी काढा. डोक्याला मार लागून नाकातून पाण्यासारखं गळत असेल तर ते मेंदूभोवतालचं पाणी असू शकतं. बोळा नाही, शिंकरणं नाही, नाकातून नळीही नाही. पेशंट बोलला, चहा प्याला म्हणून घरी नेऊ नका. कवटीखाली रक्त साचत असेल तर काही तासांनी गुंगी येते. उलट्या, वाढती डोकेदुखी, एक बाहुली मोठी दिसली की लगेच १०८.

उस्मानाबादी शेळी: बरं बाबा, "फोटो काढा" घालतो, बोळा काढतो. बिलाचं वाक्य राहणार!

गोदाकाठ: ठेवा की. त्याखाली हेही लिहा: प्लेट-स्क्रूचं पक्कं बिल मागा, बॅच नंबरचं स्टिकर फाइलला लावून घ्या.